एकादशीची गोळी

मंडळी, एक विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. उपास आपण देवासाठी करतो, की देवाच्या आडोशाला बसून स्वतःसाठी?

ऐका. समुद्रकाठच्या एका गावात भार्गवभट नावाचे पुजारी होते. वाणी अशी, की त्यांनी मंत्रपुष्पांजली सुरू केली की पेंगणाराही ताठ बसावा. त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडं, जीभ लाकूड! पुढे देवाच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या कृपेने वाचा परतली, आणि तिच्यामागोमाग आली रक्तदाबाची गोळी. रोज. कायमची.

भटजींनी मान डोलावली. पण एकादशीला गोळी नाही. चतुर्थीला नाही, प्रदोषाला नाही, आणि सोमवार तर शंकराचाच. का? तर म्हणे उपास मोडतो! मग साबुदाण्याची खिचडी? तळलेले पापड? खारवलेल्या मिरच्या? — ते चालतं हो, शास्त्रसंमत आहे. हसू नका, तुमच्याही घरी हेच शास्त्र आहे.

दवाखान्यात दाब चढलेला निघाला.

"गोळी चुकते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," भटजी म्हणाले.

"उपासाला चुकते," शेजारून त्यांच्या पत्नी दुर्गाबाई. "आणि यांचे उपास कॅलेंडरलाही ठाऊक नाहीत."

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "भटजी, पुन्हा झटका आला तर वाचा परत येईल, याची हमी मी देणार नाही."

पुढची एकादशी आली. दुर्गाबाईंनी गोळी तुळशीपत्रावर ठेवली, देवापुढे पाणी फिरवलं आणि नवऱ्यापुढे हात केला. "घ्या. प्रसाद आहे."

भटजी चपापले. प्रसाद नाकारू नये, हे जन्मभर लोकांना सांगत आलेले! पण शेवटी पुजारीच ते. म्हणाले, "उपासाला प्रसाद मस्तकी लावून ठेवतात. उद्या पारण्याला घेईन."

"बरं," म्हणत दुर्गाबाईंनी खिचडीचं ताट उचललं. "हाही नैवेद्यच. मस्तकी लावा. उद्या पारण्याला."

दाण्याच्या कुटाचा वास माजघराआड गेला. भटजी हसले नाहीत. खाली बघत हळूच म्हणाले, "अगं, गोळी नसते ना, त्या दिवशी मी आजारी नसतो."

दुर्गाबाई थांबल्या. "पडलात त्या दिवशी तुम्ही मला हाक मारत होतात. मला नुसती घरघर ऐकू आली. त्यात माझं नाव नव्हतं. ते मला पुन्हा ऐकायचं नाही."

भटजींनी तुळशीपत्रासकट गोळी घेतली, वर पाणी प्यायले. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "दुर्गे, ताट आण."

"आणते. पण मीठ कमी घातलंय."

मंडळी, आजही एकादशीच. फराळ कुणाकुणाचा झाला, ते मी विचारत नाही, जांभयांवरूनच कळतंय. पण गोळी घरी ठेवून कोण आलंय? आता नामाचा गजर करायचा आहे, आणि त्याला जीभ लागते. उठा, घरी जाऊन घेऊन या. आम्ही टाळ धरून थांबलो आहोत.