देवाला बोललेला गूळ

(गावच्या भैरोबाच्या देवळापुढं, सकाळी. मांडवाच्या आडव्या वाशाला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात गुळाचे रवे, दुसऱ्यात केरबा. शेजारी त्याची आई बाळाबाई आणि बायको संयोगिता.)

बाळाबाई : काटाच खोटा हाय. देवळातला झाला म्हणून काय झालं, गंजतोय की त्योबी!

केरबा : काटा बरोबर हाय, आई. मला आधी खाली घे. मघापास्नं पाय लोंबकळाय लागल्यात. सगळं गाव बघायलंय.

बाळाबाई : बघू दे की. नवस फेडायलोय, चोरी न्हाय करायलो. संयोगिता, परत मोज बाई रवे.

संयोगिता : आत्ती, दोनदा मोजलं. पाच किलोचं सोळा आणि किलोचं चार. चौऱ्याऐंशी किलो. हंबीरमामांनी गुऱ्हाळावरनं मोजूनच धाडलंय.

बाळाबाई : मग गूळ भुईला आणि ह्यो आभाळात, असं कसं?

केरबा : कारण माझं वजन आता अठ्ठ्याहत्तर हाय!

बाळाबाई : दसऱ्याला चौऱ्याऐंशी हुतं. हिनंच डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवलीया मला.

केरबा : अगं, त्येच्यावरच तर नवस! डॉक्टर म्हणालं, साखर काठावर हाय, पाच-सहा किलो उतरा, न्हायतर गोळ्या सुरू. तू भैरोबाला म्हणालीस, साखर जाऊ दे, पोराच्या वजनाएवढा गूळ वाटते. आता वजन उतरलं, साखर गेली. मग गूळबी तेवढाच लागणार की.

बाळाबाई : मी बोललो तवा तू चौऱ्याऐंशी हुतास. काम झाल्यावर देवाचं सहा किलो कापायचं? आपण काय दुधात पाणी घालणारी माणसं हाय?

संयोगिता : मग काय करायचं म्हणता, आत्ती?

बाळाबाई : गुरवाच्या दारात पाटा हाय न्हवं? त्यो ठेव ह्येच्या मांडीवर.

केरबा : पाटा? देवाला फसवतीस व्हय?

बाळाबाई : फसवत न्हाय. भरती करतोय.

केरबा : चार महिनं गाडीला हात लावला न्हाय. दुधाची किटली घेऊन बांधाबांधानं डेरीला चालत गेलो. शेजारी तात्यासोंच्यात दिवस मावळायच्या आत जेवत्यात, त्येंची ताटं वाजली की मीबी जेवाय बसलो. त्येंच्या अंजनाकाकू म्हणायच्या, केरबा, निम्मा जैन झालास की रं! एवढं करून उतरवलेलं तू पाट्यानं परत माझ्या मांडीवर ठेवणार?

संयोगिता : आणि माझ्या माहेरच्या जत्रंत तांबड्या रश्श्याची वाटी परत धाडली ह्यांनी. आमचं दादा अजून बोलत न्हाईत.

बाळाबाई : तेच मला कळंना झालंय. उतरला कसा ह्यो? मी तर रोज भाकरीखाली...

केरबा : भाकरीखाली काय?

बाळाबाई : काय न्हाय.

केरबा : आई!

बाळाबाई : लोणी. लिंबाएवढं. रोज सांजचं.

केरबा : मला कवा दिसलं न्हाय त्ये!

संयोगिता : कसं दिसंल? मी खाल्लं.

बाळाबाई : आं?

संयोगिता : गोठ्यात ह्यांचं ताट मीच न्यायची न्हवं? पयल्याच दिवशी भाकरी उचलली, खाली लोणी. घरच्या म्हशीचं, टाकवतंय व्हय? आणि तुम्हास्नी सांगितलं असतं तर तुम्ही रुसला असता. काल डेरीतल्या पेंडीच्या काट्यावर उभी राह्यलो. तीन किलो वाढलोय.

केरबा : तरीच! आणि मला म्हणालीस, शिंप्यानं ब्लाऊज तोकडं शिवलं!

बाळाबाई : म्हंजे तुझ्या सहातलं तीन किलो घरातच हाय म्हणायचं.

केरबा : हसू नगंस. साखरंच्या माणसाला लोणी चारत हुतीस, आई? कशापायी?

बाळाबाई : तू वाळाय लागला हुतास.

केरबा : वाळायचंच हुतं की मला!

बाळाबाई : तुझ्या आबांचंबी पयल्यांदा धोतार सैल झालं. लोक म्हणाली, बाळाबाईचं म्हातारं चपळ झालं. मीबी हासलो. वर्साच्या आत साखरंनं त्येंचा पाय नेला, मागनं त्येस्नीच नेलं. तू त्या दिवशी खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक पाडलंस. पोरागत नाचत हुतास. मला भ्या वाटलं रं. लई भ्या वाटलं.

केरबा : आई, आबांचं वजन रोगानं खाल्लं. माझं मी बांधावर सांडून आलोय, रोज थोडं थोडं. संयोगिता, रिपोर्ट वाच परत.

संयोगिता : तीन महिन्यांची साखर, नॉर्मल. गोळीची गरज न्हाय. सहा महिन्यांनी दाखवाय या.

बाळाबाई : नॉर्मल म्हंजे गेली?

संयोगिता : गेली, आत्ती. असंच चालत राह्यलं तर येत न्हाय म्हणालं डॉक्टर.

बाळाबाई : आणि पाय?

केरबा : दोन्ही हायत की! मघापास्नं लोंबकळाय लागल्यात म्हणून तर बोंबलतोय!

बाळाबाई : बरं, बरं. संयोगिता, एक पाचाचा रवा काढ आणि एक किलोचा.

संयोगिता : हा काढला... आणि हा दुसरा. आत्ती, बघा! सरळ झाली पारडी!

केरबा : सुटलो बाबा! भैरोबाच्या नावानं चांगभलं!

बाळाबाई : तो मोठा रवा दे बघू माझ्याकडं. अगं बया, केवढा जड ह्यो! ह्ये घेऊन फिरत हुतास व्हय रं तू?

केरबा : ह्यो, आणि वर त्यो किलोचा.

संयोगिता : आता ह्येंचं काय करायचं?

बाळाबाई : शब्द चौऱ्याऐंशीचाच. पारड्यातला गावात वाट. पाचाचा अंजनाबाईंच्यात नेऊन दे. त्येंची ताटं वाजली म्हणून तर ह्यो दिवस दिसला.

संयोगिता : आणि किलोचा?

बाळाबाई : त्यो फोड हितंच.

केरबा : मला नगं हं, आई.

बाळाबाई : तुला कोण देतंय! मला दे बारका खडा. दसऱ्यापास्नं गोड खाल्लं न्हाय मी.

संयोगिता : मग रोजचा चहा?

बाळाबाई : बिनसाखरेचा. तुमच्या आधी उठून करत हुतो की.

केरबा : चार महिनं? आम्हाला सांगायचंस तरी!

बाळाबाई : देवाला सांगितलेलं घरात सांगत बसायचं असतंय व्हय? दे गं.

संयोगिता : घ्या, आत्ती.

केरबा : आई... डोळ्याला पदर कशाला लावतीस? गोड न्हाय व्हय?

बाळाबाई : गोड हाय रं. सवय मोडलीया, एवढंच.