टाळ्या घेणारं वाक्य

(अकोला. मागच्या अंगणात माणिकबाई मेथी निवडत बसल्या आहेत. शेजारी नात माया हातात कागद घेऊन. माणिकबाईंचा मुलगा आणि मायाचा बाप, फौजेतून निवृत्त झालेला नागसेन, सायकल पुसतो आहे.)

माणिकबाई : पन अनुबॉम्ब आपल्यापाशी हायेत ना आधीच? मंग नवे काहून?

माया : जुने झाले की बदलावे लागतात, आजी. उद्या अमरावतीच्या वादविवादात मले हेच पटवून द्यायचं आहे. चिठ्ठीत ‘नवा खर्च गरजेचा’ हीच बाजू निघाली.

माणिकबाई : जुने खराब होतेत? लोनच्यावानी?

नागसेन : माय, तू बी ना.

माणिकबाई : इचारू दे ना बापा. केवढ्याले पडते एक?

माया : ते कोणालेच सांगत नाहीत.

माणिकबाई : मेथीची जुडी बी भाव इचारल्याबिगर घेत नाई कोनी.

नागसेन : बॉर्डरवर भाव नाई इचारत, माय. समोरच्याले भेव पाह्यजे. तो दबून राह्यला म्हनून मी वापस आलो.

माणिकबाई : आला, लय चांगलं झालं. तिकडल्या मायचं पोरगं बी आलं असन.

नागसेन : आलं असन. दोघांपाशी हाय म्हनूनच.

माणिकबाई : आता दोघं बी नवे घेतीन. मंग?

नागसेन : मंग पुन्हा दोघांले बी भेव.

माया : आजी, एक विचारायचं होतं. सरांनी सुरुवातीचं वाक्य दिलं, टाळ्या पडतील म्हणतात. पण तू पहिल्या रांगेत बसशील.

माणिकबाई : वाच ना मंग.

माया : चौऱ्याहत्तर साली आपण पहिला स्फोट केला, त्याले नाव दिलं होतं ‘हसरा बुद्ध’. सर म्हणतात, ‘त्या दिवशी बुद्ध हसला’ इथून सुरू कर.

नागसेन : माया.

माणिकबाई : बोलू दे तिले. भगवंताचं नाव? बॉम्बाले?

माया : हो.

माणिकबाई : रविवारी इहारात लेकरायकून पंचशील तूच म्हनून घेतं ना? पह्यलं कोनतं?

माया : जीवहिंसेपासून अलिप्त राहीन. म्हणूनच तर झोप नाही आली. वाक्य काढलं तर सर नाराज होतील, नंबरही जाईल. जाऊच नको का?

माणिकबाई : मले वाईट वाटलं, पोरी. लय वाईट वाटलं. नाव देतानी आपल्याले इचारलं नाई कोनी.

माया : मी विचारून राहिली ना.

माणिकबाई : मंग जा. तुह्या बापाचं म्हननं बी खोटं नाई. पाह्यजे वाटते तं पाह्यजे म्हन, दमानं म्हन. मी पुढंच बसीन. फक्त त्याले बॉम्बच म्हनजो.