फोटोची मागची बाजू

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून शिंप्याला डोळे मिटून बसवलं होतं. शिवण नाही, पेपर नाही. कान तेवढे उघडे होते. शेजारच्या बाकावर दोघी बहिणींचं चाललं होतं.

"ताई, वाचनालयाच्या कार्यक्रमाला गेलीस की नाही?"

"गेले. शहराचे जुने फोटो सांभाळण्यात तिथं उभा जन्म घातलाय, बोलावल्यावर जावंच लागतं."

"सगळे फोटो कॉम्प्युटरवर चढवले म्हणे."

"चढवले ना! पुढची बाजू चढवली."

"म्हणजे?"

"अगं, फोटोतल्या माणसांची नावं आम्ही मागे पेन्सिलीनं लिहायचो. शाईनं फोटो खराब होतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी गाठून, हातापाया पडून एकेक नाव मिळवलं होतं. नव्या साहेबांनी एक फोटो उलटून पाहिला असेल तर शपथ."

"मग आता उलटून बघा म्हणावं."

"आता काय उलटणार, कपाळ! जागा अडते म्हणून मूळ फोटो रद्दीत घातले."

"अगं बाई!"

"आणि दाराशीच एक फोटो भलामोठा करून लावलाय, सूतगिरणीच्या फाटकातला. खाली लिहिलंय, 'अनोळखी कामगार स्त्रिया'."

"त्यात आपली आई आहे ना?"

"मधोमध. हातात डबा, आणि हसतेय."

"आणि तू गप्प बसलीस?"

"गप्प कसली बसते! चारचौघांत साहेबांना सांगितलं, ही माझी आई."

"मग?"

"म्हणाले, पुरावा आणा."