हक्काची गाढव

सकाळी दहा वाजता स्कूटरच्या लायसन्सच्या रांगेत दोन सावत्र बहिणींची जुंपली. मागे उभ्या असलेल्या नर्सबाईंनी कान टवकारले.

“माझ्या बाबांनी तुला महिनाभर शिकवलं. एकदा तरी ओरडले?”

“नाही, ताई.”

“मला पहिल्याच दिवशी ‘गाढवे, ब्रेक दाब!’ त्यांची लेक मी, आणि लाड तुझे!”

“लाड कसले? पाहुणीवर कोण ओरडतं? मी आरसा फोडला, तर म्हणाले, ‘असू दे हं.’ तुला मात्र हक्काने गाढव म्हणतात. जळफळाट होतो माझा.”

“वेडीच आहेस.”

“मग बदलतेस का जागा?”

कुंपणापलीकडून बाबांनी हात हलवला. दोघींनीही हात वर केला.