पुढच्या चाकावरचं वजन

आमी साखरखेर्ड्याचे सुतार. आज्यानं बैलगाड्या केल्या, बापानं केल्या, माह्या थोरल्या भावानं, दादानं बी केल्या, मीच एकटा शिकलो आन् दोन कोसांवरच्या खेड्यात मास्तर झालो. शिकलो खरा, पन बोली घरचीच राह्यली, तुमी लिहून घेऊन राह्यले त हसू नका.

मंग एका उन्हाळ्यात कडब्याची भरेल गाडी माह्या अंगावर पालथी झाली. पाय शाबूत राह्यले, पाठ गेली. काय सांगू तुम्हाले, चार पावलं चाललो की कमरेत आग पडे, ताठ बसनं त सुटलंच, निजलं तरच बरं वाटे. शाळेचे साहेब आले, म्हने मास्तर, नागपूरच्या सरकारचा कायदा हाये, पोळा होईस्तोवर वाट पाह्यतो, मंग दुसरा मानूस ठेवा लागते. दादा म्हने मी तुले रोज गाडीत घालून पोचवतो. मी म्हनलो नाई, पोत्यासारखा पोराईसमोर उतरनार नाई, आपल्या पायानं जाईन नाई त घरीच मरीन. तापट हाओ मी, पह्यल्यापासून.

दादानं खामगावच्या बाजारातून एक मोडकी सायकल आनली, लोहाराच्या भट्टीवर कापून लांब केली, पार मांगच्या चाकापाशी सुतळीनं विनलेली कलती खुर्ची बसवली. तिच्यावर पाठ टेकून अर्धं निजाचं आन् पाय पुढं करून पायडल माराचे. गावानं लय मजा घेतली, मास्तर बाजेसगट निघाले म्हने. मले हसू नाई आलं.

मातीच्या वाटेवर सायकल बेस चाले. पन शाळेच्या अलीकडं सडकीवर नवी गिट्टी टाकेल होती, दाबेल नोती, तठी वळनावर आलं की पुढचं चाक खडीवर नुसतं तरंगे, हँडल वळवलं त चाक वळे, सायकल मातर सरळच जाये, आन् मी खाली. रोज खाली, शाळेत पोचनं काई होये ना. कोपरं सोलून निघाली, पाठीतून जीव जाये, एकदा त मी सडकीवर पडल्या पडल्या लेकरावानी रडलो. दादानं चाकाले काथ्याची दोरी गुंडाळली, थे घासून तुटली. हवा कमी केली, त चाक जराक धरे, पन वळनावर पुन्हा तेच. आन् पोळा त जवळ येऊन राह्यला होता.

पोळ्याच्या आदल्या सांजेले खांदशेकनी असते. दादा आमच्या बैलजोडीच्या खांद्याले लोनी-हयद चोळून राह्यला होता, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं म्हनता म्हनता मधातच थांबला. मले म्हने, काऊन बे बापू, तुह्या सायकलीपुढं बैल हायेत का? मी म्हनलो नाई. म्हने, मंग मी कोनाची मान वाचवून राह्यलो? बैलाच्या मानेवर वजन नको म्हनून आमी भार पुढं येऊच देत नाई, हाताले तेच वळन, तुले बी मांगंच बसवलं, पुढच्या चाकावर वजनच नाई त थे जमीन धरीन कशी?

पोळ्याच्या दिवशी कोनी सुतार वाकसाले, करवतीले हात लावत नाई. वहिनी वरडली, सन हाये आज. दादा म्हने बैलाचं झालं, आता भावाचं करू दे. खुर्ची पुढं आनली, पायडल पुढच्या चाकाच्या वर नेले, दोन चैनी जोडून एक केली.

दुसऱ्या दिवशी गिट्टीवर गेलो. चाक कुरकुर करत खडीत बसलं आन् वळलं. दादा मांगून चालत येऊन राह्यला होता, थो वळनावरच उभा राह्यला. शाळेत पोचलो, नोकरी वाचली.

मंग बऱ्याच वर्षांनी तापानं दादाले नेलं. मसनाची वाट नाल्यातून जाते, सारी खडीच. लोक म्हने मास्तर, तुमी घरी राहा. मी आयकलं नाई, सायकलीवर मांगं मांगं गेलो. सारी वाट मले वाटे, आता चाक घसरावं, म्या पडावं, काईतरी लागावं, म्हनजे मोकळं रडता येईन. नाई घसरलं. थो पुढं चार मानसाईच्या खांद्यावर चाललेला, आन् मसनापर्यंत बी मले त्यानंच नेलं.

आता नजर गेली, बसून असतो. सायकल कोनी मांगतली त देत नाई. चाललेच तुमी? वहिनीच्या पाया पडून जा, तिच्याशी बोलाले कोनी येत नाई. देव तुमची पाठ शाबूत ठेवो आन् तुमच्या आधी तुमचा भाऊ न नेवो.