बाईच्या हातच्या माश्या

माहा जनम खारपानपट्ट्यातला, अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या काठी आमचं गाव. तुमी पुन्याकडचे, तुमाले मालूम नसंल, आमच्या तिकडं हीर खोदली तं पानी लागते पन ते खारट, त्याच्यात वरन शिजत नाई, साबनाले फेस येत नाई. मंग प्याचं पानी नदीतून आना, अन् ते आनाचं काम बाईकडं. बाई म्हनजे माही मोठी बहीन, नाव सुभद्रा, पन आमी सगळे बाईच म्हनत होतो. मायबाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जात, तं बाई मले पयले कडेवर घेऊन नदीवर नेये, मंग बोट धरून, मंग निस्ती हाक मारून. दोन गुंड भरून काठावर ठेवले का तिचं काम झालं, अन् मंग तिचा खेळ सुरू.

खेळ म्हनजे गळ. सुई दिव्यावर लाल करून वाकवे, गोधडीचा दोरा बांधे, अन् पान्यावर तरंगाले ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. चिखलातला गांडुळ लावला का बसली. काय सांगू तुमाले, घरात एका जागी न बसनारी पोरगी, तिथं दगडासारखी बसे. मी चुळबुळ केली का डोकश्यात टपली मारे अन् म्हने, वामन्या, पायाचा आवाज पान्यात जाते. धांडा हालला तरी ओढू देत नसे, थांब म्हने, तो चाखून राह्यला, गिळू दे त्याले. मले जे काई येते ते तिनं शिकवलं. पुढं मी लोकायकडून बाकीचं शिकलो, पन ते वरवरचं.

बाईचं लगन झालं ते कौंडण्यपूरच्या बाजूले, वर्धा नदीच्या काठचं गाव. आमाले वाटलं, चला, पोरगी नदीवरच गेली. भाटवे, म्हनजे बाईचे मालक, शाळेत शिपाई, मानूस गरीब सोभावाचा. पन सासरा कडक. बाईमानूस नदीवर गळ टाकून बसली तं गाव काय म्हनंल, असं तो पयल्याच महिन्यात बोलला, अन् ते बोलनं तो मेल्यावरही घरात राह्यलं. तिच्या सयपाकघराच्या खिडकीतून नदी दिसे भाऊ. भाकर थापता थापता नदी दिसे. मी दरसाली जत्रेच्या टायमाले जाचो तवा एकडाव भाटव्यायले म्हनलंही, की बाईले माह्यासंगं घडीभर नदीवर येऊ द्या, तं ते खाली मान घालून म्हने, माही ना नाई हो वामनराव, पन लोक हासतील. आता ह्या मानसाशी भांडाचं तरी कसं. बाईच मधात पडली, राहू दे म्हने, तू जा, अन् काय लागलं ते मले येऊन सांग.

तवापासून तेच झालं. मी जाचो अन् तिले येऊन सांगाचो.

मले एसटीत ड्रायव्हरची नोकरी लागली, अन् पयली नेमनूक कुठं, तं कोकनात. वऱ्हाडातल्या पोट्ट्यायले तिकडंच धाडत. घाटात पयले पयले मी गाडी पयल्या गिअरातच चालवो. समुद्र पाह्यला तं हात लावून चाखलं, अन् हासाले आलं, हे तं आमच्या हीरीचंच पानी. ड्युटी सुटली का मी खडकावर जाऊन बसाचो. तिथं एक म्हातारे खारवीबाबा येत, खारवी म्हनजे तिकडचे मासे धरनारे, त्यायनं एक दिवस इचारलं, गरवायला येतं का रे तुला? गळानं मासे धरनं म्हनजे त्यायच्याकडं गरवनं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हनलं अन् पयल्याच दिवशी गळ खडकात अडकवून तोडला. मंग त्यायनं शिकवलं, भरतीत कवा बसाचं, ओहोटीत कवा उठाचं, कोयंबीचा तुकडा कसा लावाचा. तिथं धांडा-बिंडा चालत नाई, दोरी बोटावर घेऊन बसा लागते. पयली तांबोशी लागली, लाल लाल, बोट कापलं माहं दोरीनं, पन मी सोडली नाई.

सुट्टीत आलो तं बाईच्या घरी हे सगळं सांगत बसलो. भाटव्यायनं इचारलं, किती मोठी होती? अन् बाईनं काय इचारलं, तं म्हने, पानी एवढं वरखाली होते, मंग लाट हाये का मासा हाये हे बोटाले समजते कसं? मी म्हनलं, लाट ढकलते अन् मासा इचारते. ती कितीतरी येळ आपल्याच बोटाकडं पाहत बसली. मले म्हने, मले एकडाव दाखवशीन काय रे समुद्र? मी म्हनलं, ये ना, माही खोली हाये. पन लेकरं लहान, सासू अंथरुनाले खिळेल, निघनं झालं नाई, अन् माही बदली इकडं परतवाड्याले झाली. समुद्र राह्यला तो राह्यलाच.

परतवाड्याले मी अचलपूरच्या फेऱ्या मारो, वर डोंगराकडच्याही. त्या गाडीत एक रिटायर साहेब बसत, हातात पातळ लांब काठीची पिशवी. एक दिवस मी इचारलं, साहेब हे काय? तं त्यायनं रविवारी मले संगं नेलं, जंगलाच्या अलीकडं एक डोंगरी नदी हाये, आरशासारखं पानी. अन् तिथं मी जे पाह्यलं ते मले आजही डोये मिटले का दिसते. गळाले गांडुळ नाई, काई नाई. निस्तं पीस अन् रेशमाचा दोरा गुंडाळून केलेली माशी. जड दोरी हवेत मागं जाये, सरळ होये, मंग पुढं येये, अन् ती माशी पान्यावर अशी उतरे की जशी खरीच पडली. खालून महाशीर मासा आला अन् तोंड उघडून घेऊन गेला. साहेबानं त्याले काठावर आनलं, हात ओला करून धरलं अन् सोडून देल्लं. मी म्हनलं, काहून सोडला? ते म्हने, आता हे थोडेच राह्यले वामनराव. तवापासून मीही डोंगरातला मासा घरी आनला नाई.

पन माश्या बांधनं मले जमे ना. हे ड्रायव्हरचे हात, जाडे. मंग मले बाईची याद आली. एक माशी, रेशीम अन् गळ घेऊन गेलो अन् तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं उलटीपालटी करून पाह्यली, अन् दुपारी जेवनं झाल्यावर बांधून देल्ली, भाऊ, साहेबाच्या माशीच्या बाजूले ठेवली तं कोनती कोनाची समजे ना. भाटवे पाहत होते. म्हने, हे तं विनकामच झालं, याले कोन हासते? अन् दुसऱ्या दिवसापासून तो मानूस गावभर फिरून कोंबड्याच्या मानेचे पिसं जमा करून आनाले लागला. खरं सांगतो, स्वतःच्या हातानं धुवून वाळू घाले.

मंग कितीतरी सालं असं चाललं. बाई खिडकीत बसून माश्या बांधे अन् मी नदीवर जाऊन त्या पान्यावर उतरवो. येऊन सांगाचो, ही तपकिरी चालली, ही बुडली, ह्या पिसाले थोडं कमी कर. ती म्हने, तिथं सकाळी कोनते किडे उडतात ते धरून आन. मी काड्यापेटीत धरून आनाचो. ती डोंगरातली नदी तिनं पाह्यली नोहती अन् नदीवरचे किडे तिले सगळे तोंडपाठ.

भाटवे वारले. सगळं आटपल्यावर बाई मले म्हने, वामन्या, आता मले ने. बस एवढंच. तवा पावसाचे दिवस होते, डोंगरातलं पानी गढूळ. मी म्हनलं, हिवाळा लागू दे, पानी निवळू दे, पयल्याच रविवारी नेतो. अन् हिवाळा लागाच्या आत तिले लकवा मारला. उजवा हात गेला, जबान जड झाली. बोले, पन अर्धं तोंडातच राहे.

तरी पानी निवळल्यावर त्या डोंगरातल्या नदीवर नेलं मी तिले. माह्या बायकोनं अन् मी आटोतून उतरवलं, खुर्ची काठावर टेकवली. बाईनं ती नदी पाह्यली अन् डाव्या हातानं तोंडावरचा पदर बाजूले केला. मी तिनंच बांधलेली माशी लावली, दोरी फेकली, तं पयल्याच खेपीले कोनी घेतली. मोठा मासा, काठी वाकली. मी पटकन काठी तिच्या डाव्या हातात देल्ली अन् वरून माहा हात ठेवला. तिचे डोये असे चमकत होते की मले पूर्णेवरची पोरगी दिसली. अन् ती म्हने, सोड... सोड...

मी सोडला. दोरी ढिली केली, मासा झटका देऊन गेला. इतक्या सालाची सवय, साहेबाची शिकवन, मले वाटलं बाईही तेच म्हनते. तिनं माह्याकडं पाह्यलं, डाव्या हातानं माह्या छातीवर मारलं, अन् लय जोर लावून पुरं बोलली, सोडू... नको. हातात घेऊन पाहाचा होता तिले. एकडाव ओल्या हातात धरून पाहाचा होता.

ती रडली, माही बायको रडली. मी म्हनलं, बाई, पुढच्या रविवारी पुना येऊ. तिनं मान हालवली. पन थंडी वाढली, तिले ताप आला, अन् तो रविवार काई आला नाई.

आता मी अमरावतीले लेकाजोळ राहतो. सकाळी तलावावर जाऊन बसतो, गुडघे साथ देत नाई पन बसतो. लोक म्हनतात, वामनराव, तुमी तं गोडं पानी पाह्यलं, खारं पाह्यलं, डोंगरातलं पाह्यलं. हो, पाह्यलं. मासा लागला का आजही पयला इचार हाच येते की हे घरी जाऊन सांगाचं हाये, अन् मंग ध्यानात येते की आता कोनाले सांगाचं.

जाऊ द्या. बुद्धाच्या कृपेनं लेकरं धड हायेत, बायको हाये, दोन टाईम खातो. तुमाले बहीन हाये का? हाये ना? मंग हिवाळ्याची वाट पाहू नका, गढूळ तं गढूळ, जिथं जाचं म्हनते तिथं तिले घेऊन जा. सुखी राहा. अन् चाय थंडी झाली तुमची, आना इकडं, गरम करून आनाले सांगतो.