केसरच्या मापाची काठी

काठी आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली हाय. आज्याच्या हातात काठी होती, माझ्या बापाच्या हातात काठी होती, आणि त्या काठीच्या पुढं जे चालायचं ते बघून सगळं गाव बाजूला व्हायचं. शेळ्या होत्या. बाजूला झालं नाय तर धोतराला तोंड लावायच्या. ताई, तुम्ही काठ्यांचं विचारायला आलात तर हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांनी एकदा माइकवर सांगितलं की सुमनबाईंना काष्ठकलेचा थोर वारसा लाभलाय, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या, आणि मग शेजारचीनं कोपरानं ढोसलं तवा कळलं की हे माझ्यावरच चाललंय.

माहेर माझं चांदवडकडं. बाप शेळ्या चरायला सोडायचा, दगडावर बसायचा आणि काठीच्या मुठीवर काहीबाही कोरायचा, जास्त करून शेळीच, दुसरं काय दिसणार त्याला. मी शेजारी बसून बघायचे. एकदा म्हणलं आबा, मला द्या की चाकू. तर म्हणला पोरीच्या जातीनं चाकू धरू नये, हात कापंल. आणि तोच बाप मला सकाळी कांद्याची पात कापायला पाठवायचा, विळा घेऊन, दिवसभर. काय सांगू तुम्हाला ताई, विळ्यानं हात कापत नाय आणि चाकूनं कापतो हे शास्त्र मला आजपर्यंत समजलं नाय. चाकू गेला भावाकडं. भाऊ त्यानं तंबाखूच्या पुड्या फोडायचा.

मग लग्न झालं, नाशिकला आले, आमचे मालक अंबडला कंपनीत मशीनवर, मी तिथंच दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, पण ते जाऊ द्या, ते सगळ्यांचंच. मी रिटायर झाले त्या दिवशी कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, म्हणजे आता वेळ बघायची गरज संपली तवा घड्याळ, आणि घरी आमच्या मालकांनी एक सुरी दिली. करवतीच्या तुटक्या पात्याला घासून, धार काढून, वर सुतळी गुंडाळून केलेली. म्हणले घे, तुझ्या बापाकडं राहिलेलं. एवढंच म्हणले आणि टीव्ही लावला.

तवापासून मी काठ्या करते. हौस. मनपाची माणसं झाडं छाटून फांद्या रस्त्यात टाकून जातात, त्यातली सरळ बघून आणायची. शेवगा नको, गुलमोहर नको, कटकन मोडतो, माणूस तोंडावर पडेल. कडुनिंब चालतो, बाभळ चालते, बोर सगळ्यात चांगली. ती सावलीत वाळवायची, लय दिवस, घाई केली की तडकते. वाकडी असली तर तेल लावून गॅसवर शेकायची आणि कॉटच्या पायाखाली दाबून ठेवायची. गॅसवर शेकायला लागले तवा सूनबाई म्हणाली आई, हा स्वयंपाकाचा गॅस हाय. मी म्हणलं, मी कुठं म्हणते आंघोळीचा हाय. पण पोळीत भुसा निघाला तवा मलाच पटलं. इंदिरानगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच माणसं आणि काठ्या मावत नाय.

म्हणून मी संघाच्या आवारात बसायला लागले. विरंगुळा केंद्र म्हणतात त्याला, एक खोली, एक कॅरम, आणि अंगणात कडुनिंब. त्या झाडाखाली माझी जागा. खरं सांगते, आयुष्यात जागा म्हणून माझी अशी ती पहिलीच. कंपनीत लाइन त्यांची, घरात ओटा सुनेचा, माहेरी दगड बापाचा. इथं मी पोतं अंथरायचे आणि सुरी काढायचे, कोणी उठ म्हणायचं नाय.

संघातल्या समद्या पुरुषांना मुठीवर सिंह पाहिजे. एकूण एक. गुडघे कुरकुर वाजतायत, जिना चढताना देव आठवतो, पण हातात सिंह पाहिजे. मी म्हणते काठी मी करणार, मूठ मी ठरवणार, नको असली तर दुकानात अ‍ॅल्युमिनियमची मिळते. एकाला बेडूक केला, एकाला कारलं केलं, कारलं हाताला लय चांगलं, घसरत नाय. अध्यक्षांना मुंगूस केलं. ते जरा रुसले, मग त्यांच्या नातीला आवडलं तवा वापरायला लागले.

आता केसर कोण ते सांगते. आवाराच्या फाटकाबाहेर फुटपाथवर हार घेऊन बसते ती. शहराबाहेर त्यांचा मळा हाय, झेंडू, शेवंती, सकाळी टोपलं घेऊन येते. ती मला राम राम म्हणते, मी तिला जयभीम म्हणते, एवढी वर्षं झाली, दोघींनी एकमेकींना बदललं नाय. तिचा पाय मळ्यात सरीमध्ये मुरगळला तो नीट बसलाच नाय, लंगडते. मी म्हणलं तुला काठी करते. ती आपल्या बांधावरची बोरीची फांदी घेऊन आली. मूठ काय करू, फूल करू का म्हणलं, तर म्हणाली फूल नको गं बाई, जन्मभर फुलंच बघतेय, कोंबडी कर, अंड्यावर बसलेली. मी दिवसभर टोपल्यावर बसते तशी.

आता बसलेली कोंबडी करणं सोपं वाटतं, पण तिची पाठ तळव्यात बसली पाहिजे, आणि पिसं फुलवलेली दिसली पाहिजेत, पण टोचली नाय पाहिजेत. लय दिवस गेले त्यात. जवसाचं तेल पाजलं, अशी झळकायला लागली. फक्त उंची कापायची राहिली होती. ती मी शेवटी कापते, माणूस पुढं उभा करून, पायात चपला घालून, हात मोकळा सोडायला लावून, काठी उलटी टेकवून मनगटाच्या हाडापाशी खूण. बाप असंच करायचा. एकदा कापली की ती त्या माणसाची, दुसऱ्याला लांडी नाय तर लांब.

तेवढ्यात संघाचा वर्धापन दिन आला आणि अध्यक्षांनी प्रमुख पाहुणे ठरवले, माजी नगरसेवक. अध्यक्ष चार पदाधिकारी घेऊन झाडाखाली आले, काठी हातात घेतली, फिरवून बघितली. वा म्हणाले, हीच देऊ साहेबांना, शाल, श्रीफळ आणि ही. मी म्हणलं ती केसरची हाय. ते म्हणाले केसरला दुसरी करा. मी म्हणलं अहो, ही कोंबडी हाय. म्हणाले चोच जरा बाकदार करा, गरुड होईल. मी म्हणलं अंड्यावर बसलेला गरुड?

एक पदाधिकारी हसला आणि लगेच खोकला.

अध्यक्षांचा आवाज बदलला. म्हणाले सुमनताई, हे आवार संघाचं हाय, इथं बसायचं तर संघाच्या शब्दाला मान द्यावा लागेल, हा तुमचासुद्धा सन्मान हाय, तुमचं नाव बोर्डावर येईल. मला कळलं हो. काठी दिली तर झाड माझं, नाय दिली तर पोतं उचल. आणि सांगू का, क्षणभर मी काठीकडं बघितलं नाय, झाडाकडंच बघितलं.

केसर फाटकातून ऐकत होती. लंगडत आत आली आणि म्हणते कशी, अगं देऊन टाक, मोठी माणसं हायत, मला काय, बांबूसुद्धा चालंल. तिचं ऐकून मला जास्त राग आला, अध्यक्षांचा आला नाय एवढा. मी म्हणलं तू गप, तुझी काठी देणारी तू कोण? उभी राहा. चप्पल घाल. हात सोड. ती घाबरून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. मी मनगटापाशी काठी उलटी धरली, खूण केली, कट्ट्यावर आडवी टाकली, वर पाय दिला आणि आरी लावली. अध्यक्ष म्हणतायत अहो काय करताय, साहेब उंच हायत, अहो थांबा. बोर कडक असते, कापायला वेळ लागतो. तेवढा वेळ ते अहो अहो करत होते आणि मी कापत होते. तुकडा खाली पडला. मी खाली रबरी बूच ठोकलं आणि काठी केसरच्या हातात दिली. म्हणलं, आता द्या कोणाला द्यायची त्याला.

पाहुण्यांना दुकानातली आणली, सिंहाची, पॉलिशवाली. मी गेले नाय, पण केसर हार पोचवायला गेली तवा बघून आली. स्टेजवरचं टेबल डुगडुगत होतं म्हणे, तर पायाखाली माझा तो बोरीचा तुकडाच घातला होता. म्हणजे पाहुण्यांच्या सत्काराला बोर लागलीच.

दुसऱ्या दिवशी मी पोतं घेऊन गेले तर झाडाखाली कुंड्या मांडून ठेवलेल्या, बरोबर माझ्या जागेवर. मुलगा म्हणाला आई, माफी माग, कुंड्या उचलतील. मी म्हणलं कशाची मागू? कोंबडीला कोंबडी म्हणलं त्याची? मी पोतं उचललं आणि बाहेर फुटपाथवर केसरच्या शेजारी टाकलं. तिथंच बसते आता. ऊन लागतं, धूळ येते, रिक्षावाले भोंगे वाजवतात, झाड आठवतं, आठवत नाय असं खोटं कशाला सांगू. पण संघातली मंडळी येतात, काठीचं बूच झिजलं म्हणून येतात, मूठ सैल झाली म्हणून येतात. अध्यक्ष रोज माझ्यासमोरून फिरायला जातात. ते माझ्याकडं बघत नाय. मुंगूस बघतं.

असं हाय बघा ताई सगळं. तुमचं भलं होवो, तुमचे गुडघे शाबूत राहोत. आणि केसरची काठी बघायचीच असली तर ती काय तिथं. तिनं विटा रचून उभी केलीय आणि वर हार लटकवते, म्हणते उंची अशी बरोबर पडलीय की बसल्या बसल्या हात पोचतो. कोंबडी झेंडूच्या खाली हाय, दिसायची नाय. संध्याकाळी घरी जाताना केसर रिक्षापर्यंत माझा खांदा धरून चालते.